ग गायरानाचा

(नांदेड इथं कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे.)



मला विषय दिला आहे ‘प्रौढ साक्षरता आणि कार्यकर्ता’. विषय ऐकूनच मागं बसलेल्या दोघांना जांभई आली, ती मी इथून बघितली. त्यांचा दोष नाही. साक्षरता म्हटलं की आपल्यापुढं उभं राहतं ते पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं घोषवाक्य, साक्षरता सप्ताह, प्रभातफेरी, पाहुण्यांच्या गळ्यात हार आणि शेवटी चहा-फरसाण. मोर्चाला आपली पोरं येतात. कविता ऐकायला येतात. रात्री नऊ वाजता पन्नाशीच्या बाईपुढं पाटी घेऊन बस म्हटलं की नेमकी त्याच वेळेला त्यांची गाडी सुटायची असते. म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो, हे काम मोर्चापेक्षा हलकं नाही. मोर्चा संपल्यावर निवेदन आत जातं. त्याच्यावर अंगठे कुणाचे आणि मजकूर कुणाचा, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारत नाही.

मी मॅट्रिक आहे. डी.एड., बी.एड. काही नाही. मुंबईला गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. मूळचा मुखेड तालुक्यातला. मायचं माहेर जळकोटकडं. म्हणजे नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांची माती अंगाला लागलेली. शिकवायचं कसं हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. ते आजीच्या डब्यानं, मायच्या चिंधीनं आणि टोळीतल्या माणसांनी शिकवलं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आधी एक साल ध्यानात घ्या. १९७८. त्या साली २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपले वाडे जळाले. याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं. आणि त्याच साली २ ऑक्टोबरला दिल्लीच्या सरकारनं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाचे दहा कोटी लोक साक्षर करायचे, असं ठरलं. दोन महिन्यांचं अंतर बघा. ज्या हातांनी जळालेली पत्रं उचलली, त्याच हातांत पाटी द्यायला सरकार निघालं. आमची आजी तेव्हा अठ्ठावीस-तीस वर्षांची. तिला मी विचारलं, आजी, तू त्या वर्गाला गेलीस का गं? आजी म्हणाली, “वर्ग देवळाच्या वट्ट्यावर भरायचा. वर चढायचं न्हाई, खाली बसायचं. खालून फळा दिसायचा न्हाई.” एवढंच. प्रौढ शिक्षणाचा आमच्या घरचा इतिहास या तीन वाक्यांत संपला.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्याच्या आधी २५ नोव्हेंबर १९९३ ला याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. एका पाटीवर चार अक्षरं चढायला सोळा वर्षं लागली. म्हणून कुणी आपल्याला म्हणालं की अक्षरानं काय पोट भरतं का, तर त्याला उलट विचारा. अक्षरात काही नसतं तर एका पाटीवरच्या अक्षरांपायी आमची घरं कशाला पेटवली? त्यांना अक्षराची ताकद चांगली कळते. आपल्यालाच ती अजून पुरती कळायची आहे.

आता आजीच्या डब्याचं सांगतो. डालडाचा जुना डबा. त्याला वरून फडकं बांधलेलं. १९७८ च्या त्या रात्री आजी हा डबा आणि माझ्या बापाला, म्हणजे तेव्हाच्या तान्ह्या लेकराला, पोटाशी धरून हायब्रीडच्या रानात बसून राहिली. घरातलं बाकी काही वाचलं नाही. लहानपणी मला वाटायचं, डब्यात सोनं असणार. उघडला तर सगळे कागद. तलाठ्यानं फाडलेल्या दंडाच्या पावत्या. आमच्या आज्यानं गायरानातलं दोन एकर पड रान फोडलं होतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि परत १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले. त्या वाऱ्यानं गावोगाव आपल्या माणसांनी गायरानात नांगर घातला. दरसाल अतिक्रमण म्हणून दंड व्हायचा. दरसाल आजा भरायचा आणि पावती घरी आणायचा. आजा मेला. आजीला एक अक्षर येत नव्हतं, पण कुठली पावती कुठल्या सालची ते ती कागदाच्या रंगावरून आणि घडीवरून सांगायची. “ही दुष्काळातली. ही तुझ्या आत्याच्या लग्नातली.”

आता गंमत बघा. ती दंडाची पावती म्हणजे आपल्या ताब्याचा पुरावा. ज्या कागदानं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद सांगतो की त्या सालात त्या रानात तुम्ही होता. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंत भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची, असा. तिथं पुरावा लागतो तो या पावत्यांचा, नाहीतर तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीतल्या नोंदीचा. किती घरांत या पावत्या चुलीत गेल्या असतील! दंडाचा कागद म्हणजे लाज, ती कशाला जपायची, म्हणून गेल्या असतील. आजीनं जपल्या. पण जपून ठेवणं एक आणि वाचता येणं दुसरं. तीस-चाळीस वर्षं तिच्या डब्यात तिचं रान होतं आणि ते तिला वाचता येत नव्हतं. साक्षरता म्हणजे काय, याचा मला कळलेला पहिला अर्थ हा.

दुसरा अर्थ मायनं सांगितला.

आमचे मायबाप ऊसतोडीला जायचे. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या डोंगरपट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर गावं मोकळी करून जातात, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना घरातूनच ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आम्ही लेकरंही जायचो. शाळेच्या पटावर माझं नाव नांदेड जिल्ह्यात आणि मी कुठल्यातरी फडात, कोपीपुढं बहिणीला सांभाळत बसलेलो.

मायजवळ एक चिंधी होती. फाटक्या लुगड्याची. गाडी भरून कारखान्याकडं गेली की ती चिंधीला एक गाठ मारायची. एक खेप, एक गाठ. वीस गाठी झाल्या की मोठी गाठ. ती मोजायची पण विसावर. मी पाचवीला असताना हंगाम उठायच्या वेळेला मुकादम वही घेऊन बसला. मी बापाच्या मागं उभा राहून वही वाचत होतो. वाचायचं वेडच होतं, कागद दिसला की वाचायचा. मी म्हणालो, माय, वहीत एकशे बारा खेपा हायत. मायनं चिंधी काढली. “सहा ईसा आन् नऊ.” म्हणजे एकशे एकोणतीस. मुकादम हसला, “बाईच्या गाठीचा हिशेब का कागुद?” माय जागची हलली नाही. गाठ गाठ मोजून दाखवली. कुठल्या दिवशी कुणाचा बैल बसला, कुठल्या दिवशी पाऊस आला आणि खेप झाली नाही, सगळं तोंडपाठ. शेवटी अकरा खेपा वहीत चढल्या. सहा तशाच गिळल्या गेल्या.

त्या रात्री माय म्हणाली, “मला शिकीव. तू काय हमेशा संगं ऱ्हाणार हाईस का?”

मी शाळेत बघितलं होतं तसं तिचं नाव काढून दिलं पाटीवर. म्हटलं, हे गिरव. मायनं पाटी बाजूला सारली. म्हणाली, “नाव कामून? माझं नाव मला ठाव हाय. त्यानं वहीत काय लिवलंय ते शिकीव.”

मित्रांनो, प्रौढ शिक्षणावर पुढं मी जे काही वाचलं, त्यात या एका वाक्यापेक्षा मोठं काही सापडलं नाही. मग आम्ही वहीतल्या शब्दांपासून सुरुवात केली. पहिला शब्द ‘उचल’. उ, च, ल. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. शिकायला याच्यापेक्षा सोपा शब्द नाही आणि फेडायला याच्यापेक्षा अवघड नाही. मग ‘ऊस’. मग ‘टन’. मग ‘खेप’. मग आकडे. आकडे तिला तीन दिवसांत आले, कारण हिशेब तिच्या डोक्यात आधीच होता. नुसती खूण नवी होती. पुढच्या हंगामात चिंधी होतीच, पण संगं माझी अर्धी वापरलेली वही आणि पेन्सिलचा तुकडाही होता. दर शनिवारी ती मुकादमाला म्हणायची, वही दाखवा. वाचायला तिला वेळ लागायचा. पण ती वाचणार आहे, एवढं कळल्यावर लिहिणाऱ्याचा हात जपून चालतो.

आता तुम्ही म्हणाल, सही करता आली तरी काय कमी आहे? अंगठाबहाद्दर हे नाव तरी पुसलं जातं. मला सहीची भीती वाटते, ती का ते सांगतो. अंगठ्याच्या कागदावर निदान ‘वाचून दाखवले, समजावून सांगितले’ असं कुणालातरी लिहावं लागतं, साक्षीदार लागतो. सही केलीत की तुम्ही वाचलं, असं धरून चालतात. म्हणजे नुसती सही शिकवून आपण माणसाच्या हातातली होती ती एक ढालही काढून घेतो. वाचता न येणाऱ्याची सही हा अंगठ्याचाच धाकटा भाऊ, फक्त शर्ट इस्त्रीचा. जनगणनेच्या व्याख्येतही सात वर्षांवरच्या माणसाला समजून वाचता-लिहिता आलं तरच तो साक्षर. ‘समजून’ हा शब्द तिथं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के निघाली, नांदेड जिल्ह्याची सुमारे ७५ आणि नांदेडच्या बायांची सुमारे ६६. यात सहीपुरते किती आणि समजून वाचणारे किती, ते त्या आकड्यांत दिसत नाही. वस्तीत गेल्यावर दिसतं.

२०१६ ला लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, ती बघायला आमच्या मामाच्या गावातली पोरं गेली होती. त्या दुष्काळानं आमच्याकडची पुष्कळ माणसं कायमची बाहेर पडली. मी मॅट्रिक होऊन गावातल्याच एकाच्या ओळखीनं मुंबईला टोळीत लागलो. शिवडीला एका खोलीत आठ जण. मुखेडचे, उदगीरचे, अहमदपूरचे. आठांत वाचणारे दोन. शनिवारी कंत्राटदाराचा माणूस हजेरीपत्रक घेऊन यायचा, सगळे सह्या ठोकायचे. माझी दुसरी शाळा तिथं भरली.

तिथं शिकलो ते कामाचं आहे, म्हणून ओळीनं सांगतो. तुमच्यातले जे बसणार आहेत त्यांनी लिहून घ्या.

एक. हाताचं शास्त्र. बारा तास हूक आणि गोणी धरलेला हात पेन्सिल धरतो तो कोयत्यासारखी. टोक मोडतं, कागद फाटतो, माणूस शरमतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून पहिला आठवडा पेन्सिल द्यायचीच नाही. खडू द्या, फरशी द्या. अक्षर हातभर मोठं काढायला लावा, खांद्यापासून. भिंतीवर ओल्या बोटानं काढू द्या. मग खडूनं पाटीवर. मग जाड पेन. अक्षर हळूहळू लहान होत जातं, तसा हातही सैल होतो.

दोन. वेळ. जेवणानंतर शिकवू नका, डोळे मिटतात. डाळ शिजेपर्यंतचा अर्धा तास सगळ्यात चांगला. पगाराच्या दिवशी सुट्टी.

तीन. मान. चाळिशीच्या माणसाला ‘शाब्बास बाळा’ म्हणायचं नाही. मामा म्हणा, काका म्हणा, मावशी म्हणा, अहो-जाहो करा. खाडा झाला तर कारण विचारू नका. आयुष्यभर त्यांना कारणंच विचारली गेली आहेत.

चार. शब्द त्यांच्याकडून घ्या. टोळीत आमचा पहिला शब्द ‘खाडा’. हजेरीपत्रकात खाडा कुठं मांडला जातो ते प्रत्येकाला बघायचं होतं. मग ‘पगार’, मग ‘हजेरी’. अहमदपूरकडचे एक मामा, दोन महिन्यांनी त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ह्या मंगळवारी मी व्हतो की.” त्या शनिवारी सह्या व्हायला एक तास लागला. कंत्राटदाराचा माणूस मला म्हणाला, तू शिकवतोस का यांना? मी म्हटलं, हिशेब तुमचा आहे, अक्षरं त्यांची आहेत.

पाच. पाठ असलेलं वापरा. आपल्या आयाबहिणींना त्रिशरण, पंचशील, वंदना सगळं तोंडपाठ असतं, वामनदादांची गाणी तोंडपाठ असतात. विहारात वंदनेची पुस्तिका असते. म्हणताना शब्दाखाली बोट सरकवायला लावा. तोंडाला शब्द आधीच ठाऊक, डोळ्यानं तो नुसता ओळखायचा. एकच शब्द तीनदा आला की माणूस तो तीन ठिकाणी स्वतः हुडकतो. त्याला वाटत नाही मी शिकतोय. त्याला वाटतं, मला हे येतच होतं.

आता शब्द कसा निवडायचा, ते. ब्राझीलमध्ये पावलो फ्रेअरी म्हणून एक मास्तर होऊन गेला. १९६३ साली आंजिकोस नावाच्या गावात त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तीनशे मजुरांना शिकवलं, जवळपास दीड महिन्यात. तो आधी वस्तीत जाऊन लोकांचे शब्द गोळा करायचा. त्यातले मोजके निवडायचा. त्याचा एक गाजलेला शब्द म्हणजे त्यांच्या भाषेतला ‘वीट’. आधी विटेच्या कामाचं चित्र, त्यावर बोलणं, घर कोण बांधतो आणि राहतो कोण, मग तो शब्द, मग शब्दाचे तुकडे, त्या तुकड्यांची आपल्या बाराखडीसारखी ओळ आणि त्या ओळीतून नवे शब्द. तिथं तेव्हा निरक्षराला मत नव्हतं. म्हणजे शिकवणं म्हणजे मतदार वाढवणं. १९६४ ला लष्करानं सत्ता घेतली आणि या मास्तरला तुरुंगात टाकलं, मग देश सोडावा लागला. नुसतं अ आ इ शिकवणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही, हे लक्षात घ्या.

पण हे सगळं ब्राझीलचंच म्हणून मिरवू नका. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. त्याच साली त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा, मांगाच्या पोरीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. अक्षर हातात आल्याबरोबर त्या पोरीनं कमळ-बदक लिहिलं नाही, जाब विचारला.

आपल्या भिंतीवरचा तक्ता आठवा. ग गणपतीचा. य यज्ञाचा. भ भटजीचा. क्ष क्षत्रियाचा. पन्नाशीची आपली बाई त्या तक्त्यापुढं बसते, तेव्हा प्रत्येक अक्षराच्या दारात दुसराच कुणीतरी उभा असतो. यज्ञ तिनं बघितला नाही, बघितला तर लांबून. मी आमच्या वस्तीत ठरवलं, ग गायरानाचा.

तीन-चार वर्षांपूर्वी सुट्टीवर गेलो होतो. आजीच्या अंगणात नऊ बाया. मी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, गायरान. आधी अर्धा तास नुसतं बोललो. कुणी फोडलं, किती दंड भरला, बांध कुणी कोरला, पीक कुणाच्या जनावरांनी खाल्लं. मग अक्षरं सुटी केली. ग, य, र, न. त्यांना काना लावला. गा, या, रा, ना. आणि बायांना म्हटलं, आता यांची जुळणी करा, काय काय निघतंय बघा. पहिल्यांदा ‘गाय’ निघाली. मग ‘रान’. मग ‘गार’. मग ‘नगर’. मग कुणीतरी ‘नाग’ काढला, त्यावर नाग लोक, नागपूर, १९५६ ची दीक्षा इथपर्यंत बोलणं गेलं. मग ‘नारा’. आणि मग शेजारच्या म्हातारीनं खडूनं दोन अक्षरं जवळ आणली आणि वाचली, ‘राग’. ती बराच वेळ फळ्याकडं बघत बसली. म्हणाली, “ह्याच्यातच व्हता व्हय.”

२०२२ च्या अखेरीला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या माणसांना नोटिसा निघाल्या. आमच्याकडंही आल्या. गावातला एकजण सांगत फिरला, सर्वोच्च न्यायालयानंच २०११ ला सांगितलंय गायरान मोकळं करा. खरं आहे, जगपाल सिंग खटल्यात तसं सांगितलंय. पण त्याच निकालात हेही आहे की सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल तर तो अपवाद होऊ शकतो. पहिलं अर्धं वाक्य तो वाचत होता, दुसरं अर्धं आपल्याला वाचायचं होतं. आजीचा डबा उघडला. बायांनी पावत्या सालवार लावल्या. यावेळी रंगावरून लावल्या नाहीत, आकड्यावरून लावल्या. १९९१ चा निर्णय जोडून उत्तर लिहिलं आणि माय चार बायांबरोबर तालुक्याला गेली. टेबलापलीकडचा म्हणाला, कागद ठेवा आणि जा, नोटिशीत काय आहे ते मी सांगतो. माय म्हणाली, “मला वाचता येतंय. टाइम लागंल. थांबा.” तिनं पूर्ण वाचली. मग शिक्का मारलेली पोच घेतली आणि मगच हलली. प्रकरण अजून लोंबकळतंय. रान आमच्या ताब्यात आहे आणि पोच डब्यात आहे.

मित्रांनो, कुणी म्हणेल, आता मोबाईलचा जमाना, वाचण्याचं काय अडलंय? उलटं झालंय. अंगठा परत आलाय. रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. कोयत्यानं, सिमेंटनं झिजलेल्या बोटाच्या रेषा मशीनला सापडत नाहीत आणि बाई तीन तीन चकरा मारते. मशीन पावती देतं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागं पस्तीस किलो. पावतीवर किलो छापलेले असतात. पिशवीत किती पडले आणि पावतीवर किती आहेत, हे ताडून बघायला फार विद्या लागत नाही, आकडे लागतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बदलल्या. आजी नोट ओळखायची रंगावरून आणि लांबीवरून. एका रात्रीत रंग गेले, लांबी गेली. आजी म्हणाली, “म्या दुसऱ्यांदा अडाणी झाले.” रंग आणि घडी दुसऱ्याच्या हातात असते. तो कधीही बदलतो. आकडा आणि अक्षर बदलत नाही.

सरकारची योजना आजही आहे. ‘उल्लास’, २०२२ ते २०२७ साठीची, पंधरा वर्षांवरच्यांना शिकवायची, स्वयंसेवकांच्या जोरावर. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुण, दीडशेची परीक्षा. मी म्हणत नाही, तिच्यावर बहिष्कार घाला. आपल्या माणसांची नावं नोंदवा, परीक्षेला बसवा, प्रमाणपत्र घ्या, हक्काचं आहे. पण दीडशे गुणांना शेवट समजू नका. आपली परीक्षा वेगळी. शिकणाऱ्यानं स्वतःचं रेशन, स्वतःची हजेरी, स्वतःचा सातबारा किंवा पावती, बचत गटाच्या कर्जाचं पासबुक आणि दवाखान्याची चिठ्ठी दुसऱ्याला न विचारता वाचावी. हे पाच कागद झाले की तो आपल्या दृष्टीनं पास.

तर काय करायचं? भाषण संपल्यावर टाळ्या वाजवून निघून जायचं नाही. प्रत्येकानं पाच माणसं घ्यायची. घरातल्यापासून सुरू करायचं. आपल्यातल्या कितीतरी कवींच्या आयांना त्यांच्या लेकाची कविता वाचता येत नाही, मग आपला विद्रोह आपण कुणाला वाचून दाखवतोय? पहिल्या दिवशी पाटी न्यायची नाही. नुसतं विचारायचं, तुम्हाला कुठला कागद वाचायचाय? तो कागद बाहेर काढायला लावायचा. त्याच्यातला एक शब्द घ्यायचा. लातूरच्या मित्रांनी मार्केट यार्डातल्या हमालांपासून सुरुवात करावी, त्यांचा शब्द ‘तोलाई’ असेल, ‘हमाली’ असेल, ते सांगतील. नांदेडच्यांनी वीटभट्टीवर जावं. ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांत वर्ग पावसाळ्यातच उरकायचा, दिवाळीनंतर माणसं सापडत नाहीत. शक्य असेल त्यानं हंगामात कोपीवर जाऊन आठ दिवस राहावं.

आणि मुलींनो, तुम्ही जास्त कराल हे मला ठाऊक आहे, म्हणून पोरांनी अंग काढून घ्यायचं नाही.

बाहेर दाराशी एक वही ठेवली आहे. जाताना आपलं नाव, वस्ती आणि कुठल्या शब्दापासून सुरुवात करणार तो शब्द, एवढं लिहून जा. तीन महिन्यांनी परत बसू, तेव्हा तुमच्या पाच माणसांपैकी एकाला तरी संगं आणा. त्यांनी वाचायचं, आपण ऐकायचं.

जय भीम.